वाळवंटातली धुळीची वादळं नैसर्गिकच असतात, मग त्यांचा एवढा बाऊ का करतात?

प्रश्नाखाली तुम्ही लिहिलंय की कुवेतहून ऑफर आली आहे, मुलीला दमा आहे, आणि या वादळांचा पर्यावरणावर आणि माणसांवर काय परिणाम होतो ते कुणीतरी सांगावं. दम्याचं शेवटी सांगतो. आधी ते 'नैसर्गिकच'चं बघू, कारण तिथे माझं जुनं दुखणं आहे.

25 मार्च 2011, शुक्रवार. सुट्टीचा वार, पण काम मागे पडलेलं म्हणून कुवेतमधल्या फहाहीलच्या साइटवर स्टील बांधायला ओव्हरटाइमची माणसं लावली होती. मी तिथे सेफ्टीला होतो. दिवस मावळायच्या आधी उत्तरेकडे आभाळाला टेकलेली तपकिरी भिंत दिसली. आधी वाटलं कुठे आग लागली. पण ती भिंत पुढे सरकत होती. शिट्ट्या मारून सगळ्यांना परांचीवरून उतरवलं, सुटे प्लायवूड बांधून घेतले. टॉवर क्रेनचा ब्रेक सोडायला लावला, कारण वादळात बूम, म्हणजे क्रेनचा लांब हात, वाऱ्याबरोबर मोकळा फिरू द्यायचा असतो, नाहीतर अख्खी क्रेन आडवी होते. एवढं होईतो उजेड आधी नारिंगी, मग लाल झाला आणि मग मिट्ट काळोख. हात पुढे केला तर बोटं दिसेनात.

दोन कंटेनरांत आम्ही सगळे दाटीवाटीने. दार बंद, एसी बंद, तरी आत पीठ उडावं तशी धूळ, दाताखाली कचकच. करीमनगरकडचा एक फिटर पोरगा भिंतीला टेकून बसलेला, छातीतून शिटीसारखा आवाज. त्याच्याकडे पंप नव्हता. दमा आहे हे त्याने मेडिकलला लपवलेलं, कळलं तर परत पाठवतील म्हणून. ओला गमछा तोंडावर धरून बसवला. अशा अंधारात अँब्युलन्स कुठून येणार? रात्री उशिरा त्याला जरा बरं वाटलं.

पगाराच्या वेळी बघतो तर वादळात बसून काढलेले तास टाइमशीटवर नाहीत. मॅनेजरला विचारलं तर म्हणाला, "कुदरत की करनी है, कंपनी क्या करे?" मी भांडलो. तास मिळाले नाहीत, पण तेव्हापासून या विषयावर मिळेल ते वाचत आलोय.

तर ऐका. वारा निसर्गाचा, कबूल. उन्हाळ्यात वायव्येकडून शमाल नावाचा वारा वाहतो, तो आपल्या बापजाद्यांच्याही आधीपासून. पण उडणारी माती सुटी कुणी केली? कुवेतच्या वाळवंटावर बारीक खड्यांचा कडक थर असतो, तो खालची रेती धरून ठेवतो. 1990-91 च्या युद्धात रणगाडे, खंदक आणि सुरुंगांनी तो ठिकठिकाणी फोडला. अरफज नावाचं झुडूप वाळू अडवतं, कुवेतचं राष्ट्रीय फूल त्याचंच. ते उंट-मेंढ्यांनी चरून संपवलं, आणि थंडीत तंबू ठोकून गाड्या उडवणाऱ्या हौशी लोकांनी तुडवलं. कुवेतवर येणारी बरीच धूळ मुळात दक्षिण इराकमधली. तिथल्या दलदली सद्दामने 1990 च्या दशकात बंड मोडायला कोरड्या पाडल्या. 2003 नंतर काही भागात पाणी परत आलं, पण वर तुर्कस्तानने तैग्रिस-युफ्रेटिसवर धरणं बांधलेली, त्यात दुष्काळ. तळ उघडा पडला की माती उडणारच. संयुक्त राष्ट्रांच्या अंदाजाने जगात वर्षाला 200 कोटी टन धूळ हवेत जाते आणि तिच्यातला किमान पाव हिस्सा माणसाच्या उद्योगांमुळे.

परिणाम म्हणाल तर मे 2022 मध्ये इराकमध्ये एकाच वादळात 5,000 वर माणसं श्वासाच्या त्रासाने दवाखान्यात गेली. त्याच महिन्यात कुवेतच्या विमानतळावरची उड्डाणं काही वेळ बंद ठेवावी लागली. शेतातली वरची कसदार माती जाते, सोलर पॅनेल झाकले जातात. वादळानंतर दुसऱ्या दिवशी सकाळी रस्त्यावर बघा: पिवळ्या कपड्यांतले बांगलादेशी सफाईवाले तीच धूळ झाडूने परत हवेत उडवत असतात, तोंडाला साधं फडकं. उन्हाळ्यात 11 ते 4 उघड्यावर काम बंद असा नियम तिथे आहे, पण तो उन्हासाठी. धुळीच्या वेळी आमच्या साइटवर फोरमनची मर्जी चालायची.

आणि हे लांबचं दुखणं समजू नका. जानेवारी 2022 मध्ये कराचीकडून समुद्रावरून आलेल्या धुळीने मुंबईतल्या गाड्या पांढऱ्या झाल्या होत्या.

आता मुलीचं. मी डॉक्टर नाही, तिच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय कुटुंब नेऊ नका. माझं मत विचाराल तर पहिला उन्हाळा एकट्याने काढा. घर मुख्य रस्त्यापासून आत, नव्या बांधकामापासून लांब घ्या. खिडक्यांच्या फटींना रबराची पट्टी लावा, एसीचे फिल्टर दर आठवड्याला धुवा. कापडी मास्कने बारीक धूळ अडत नाही, एन-95 च लागतो.

एक मान्य करतो: तेल सापडायच्या आधीही तिथे धूळ होतीच, आणि याच धुळीतल्या लोहावर समुद्रातली सूक्ष्म वनस्पती पोसली जाते. सगळी वादळं थांबवा असं कुणी शहाणा म्हणणार नाही.

तुमचं काम ऑफिसातलं असेल तर त्रास कमी. साइटवरचं असेल तर सही करण्याआधी एचआरकडून लेखी घ्या की धुळीमुळे काम थांबलं तर ते तास भरपगारी धरणार का. तोंडी 'हो' चालणार नाही. आणि हाताखाली माणसं असतील तर त्यांच्यासाठीही हेच विचारा. ती बिचारी स्वतः विचारत नाहीत.