हप्त्याचं नंतर बघू, आधी त्या घरात राहायला जा

भाईंदरच्या एका वाचकांचं पत्र आहे. अंधेरी एमआयडीसीत नोकरी, पत्नी शिकवण्या घेतात, दोघांचे मिळून महिन्याला ५५ हजार. विरार-बोळींजला म्हाडाचं वन बीएचके २४ लाखांना मिळालंय, त्यासाठी २० लाखांचं कर्ज साडेआठ टक्क्यांनी मंजूर झालंय. प्रश्न एवढाच : मुदत १५ वर्षांची घ्यावी की २० वर्षांची?

उत्तर देतो, पण पत्रात सहज लिहून गेलेल्या दोन गोष्टी त्याहून महागात पडणाऱ्या आहेत.

पहिली, पॉलिसी. 'बँकेतल्या माणसाने सांगितलं, ही घेतल्याशिवाय कर्ज होत नाही.' वर्षाला ७२ हजार हप्ता, विमाकवच ७ लाखांचं. कर्ज २० लाखांचं आणि कवच सातचं! तुमचं काही बरंवाईट झालं तर उरलेले १३ लाख पत्नीने कुठून आणायचे? कर्जासाठी अशी पॉलिसी घेण्याची सक्ती कुणालाही करता येत नाही. पॉलिसीचे कागद हाती येऊन तीन आठवडे झाले, असं तुम्ही लिहिलंय. ३० दिवसांच्या आत ती परत करता येते, किरकोळ कपात होऊन पैसे मिळतात. उद्याच लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. त्याऐवजी ५० लाखांचा साधा टर्म इन्शुरन्स, म्हणजे मुदतीत मृत्यू झाला तरच रक्कम देणारा विमा घ्या. तुमच्या वयाला, म्हणजे पस्तिशीत, तो वर्षाला साधारण १०-१२ हजारांत बसावा.

दुसरी गोष्ट मला जास्त खुपली. घर भाड्याने द्यायचं, आपण भाईंदरलाच १३ हजारांच्या भाड्यात राहायचं आणि सात वर्षांनी ५० लाखांना विकायचं, असा तुमचा बेत आहे. आकडा एजंटाने दिलेला. म्हणजे वर्षाला ११ टक्के वाढ, सलग सात वर्षं. याच बोळींजची हजारो घरं वर्षानुवर्षं पडून होती. पाण्याची बोंब होती, सोडतीत गिऱ्हाईक मिळेना, शेवटी म्हाडाला ती 'प्रथम येणाऱ्यास प्रथम प्राधान्य' तत्त्वावर विकावी लागली. सूर्या योजनेचं पाणी आल्यावर उठाव झाला, हे खरं. पण त्यावरून ५० लाखांचं स्वप्न बघू नका. पहिली पाच वर्षं तर विकताच येत नाही.

आता हिशेब. २० वर्षांच्या मुदतीने हप्ता १७,४००, देखभाल २,५००, भाईंदरचं भाडं १३ हजार. त्यातून विरारचं भाडं साडेसात हजार वजा. महिन्याला साधारण २५ हजार गेले, शिवाय मालक स्वतः राहत नाही म्हणून सोसायटी बिनभोगवटा शुल्क लावेल ते वेगळं. तिथे राहायला गेलात तर २० हजारांत भागतं. सात वर्षांत साडेचार लाखांचा फरक पडतो, आणि त्यात भाईंदरचं वाढत जाणारं भाडं धरलेलंच नाही.

पैशांपलीकडचंही तुम्हीच लिहिलंय. सहा वर्षांत चार घरं, मुलीच्या दोन शाळा. दर अकरा महिन्यांनी मालकाच्या फोनची धास्ती. दर वेळी दलाली, टेम्पो, नवं डिपॉझिट, आणि पत्नीच्या शिकवण्या पुन्हा पहिल्यापासून. परवडणारं घर हे सगळं थांबवण्यासाठी असतं. एकाच जागी दहा वर्षं राहिलात तर पत्नीकडे मुलं टिकतील, मुलीची शाळा टिकेल. विरार चार स्टेशनं पुढे आहे, आणि तिथून सुटणाऱ्या गाडीत सकाळी बसायला मिळण्याची शक्यता तरी असते. भाईंदरला विरार फास्टमध्ये शिरणं काय असतं, हे तुम्हाला सांगायला नको.

शेजाराचाही विचार करा. निम्मे मालक बाहेर राहतात त्या इमारतीत सर्वसाधारण सभेला कोरम होत नाही, थकबाकी साचते, लिफ्ट बंद पडली की पडूनच राहते. पाण्याचा दाब कमी झाला तर महापालिकेत खेटे घालायला तिथे राहणारीच माणसं लागतात. नव्या वस्तीला ती हवी आहेत.

आता तुमचा प्रश्न. मुदत २० वर्षांचीच घ्या, अडचणीच्या महिन्यात छोटा हप्ता सोसतो. पॉलिसीचे महिन्याला वाचलेले सहा हजार आहेत, त्यातून टर्म इन्शुरन्सचा हप्ता काढून पाच हजार दरमहा कर्जात जादा भरा. बदलत्या दराच्या गृहकर्जाला मुदतपूर्व फेडीचा दंड नसतो. कर्ज साधारण १२ वर्षांत संपेल.

आणि घर फक्त 'माझ्या नावावर' होतंय असं लिहिलंय. करारनामा नोंदवण्याआधी पत्नीचं नाव सहमालक म्हणून लावायला काय करावं लागेल, हे म्हाडाच्या कार्यालयात जाऊन विचारा.