विहीरही आपली, कारखान्यातली नोकरीही आपली: कोर्ट कुणाचं ऐकतं?

प्रश्न: माझी मुलगी बारावी सायन्सला आहे. गावाजवळच्या साखर कारखान्याचं पाणी ओढ्याला येतं आणि माझ्या दिरांच्या विहिरीचं पाणी काळपट झालंय. मिस्टर त्याच कारखान्यात हंगामी कामगार आहेत. गावानं तक्रार दिल्यापासून घरात दोन तट पडलेत बघा. पोरगी म्हणते, मी वकील होणार आणि असलेच खटले चालवणार. मिस्टर म्हणतात, बीएस्सी कर आणि नोकरी बघ. माझ्या आईनं निपाणीत बिड्या वळल्या. कोर्टात शेवटी कुणाचं ऐकतात? आणि असल्या कामात पोट भरतं का? सांगा की जरा.
– एक आई, चिकोडी भाग

उत्तर:

ताई, सप्रेम नमस्कार.

तुमचे दीर खोटं बोलत नाहीत आणि मिस्टरही नाहीत. विहीर नासली तर शेती आणि पिण्याचं पाणी गेलं, कारखान्याला टाळं लागलं तर हंगामाचा पगार गेला. अशा खटल्यांत दोन्ही बाजूंना माणसंच असतात. मुलीला या कामात पडायचं असेल, तर पहिल्या दिवसापासून हे तिच्या मनात पक्कं असू द्या.

न्यायालयांनी आजवर काय केलंय ते बघूया. 1985 साली सर्वोच्च न्यायालयानं डेहराडून खोऱ्यातल्या चुनखडीच्या अनेक खाणी बंद केल्या. मालकांचं नुकसान होईल, हे न्यायालयानं निकालातच मान्य केलं. निरोगी परिसरात जगण्याच्या लोकांच्या हक्कासाठी ती किंमत मोजावी लागेल, असं सांगितलं. पण मजुरांना वाऱ्यावर सोडलं नाही. काम गेलेल्यांना त्याच भागातल्या वनीकरणाच्या आणि मृदसंधारणाच्या कामांवर शक्य तितकं सामावून घ्यावं, असंही म्हटलं. 1996 साली दिल्लीतले 168 घातक कारखाने शहराबाहेर हलवायचा आदेश झाला. तिथे न्यायालयानं कामगारांचं पान स्वतंत्र लिहिलं: नव्या जागी नोकरी सलग धरायची, स्थलांतराच्या काळाचा पगार द्यायचा, जे कामगार सोबत जातील त्यांना एक वर्षाच्या पगाराइतका बोनस द्यायचा.

तमिळनाडूतल्या तुतिकोरीनच्या स्टरलाइट तांबे कारखान्याचं प्रकरण मुलीला मुळातून वाचायला सांगा. 2013 साली सर्वोच्च न्यायालयानं प्रदूषण झाल्याचं मान्य करून कंपनीला 100 कोटी रुपये भरायला लावले, पण कारखाना चालू ठेवला. त्यावर अवलंबून असलेले रोजगार आणि देशाची तांब्याची गरज त्या निकालात मोजली गेली. पुढे 2018 मध्ये आंदोलनावर गोळीबार झाला, 13 माणसं गेली, कारखाना बंद झाला. 2024 साली तेच न्यायालय म्हणालं की आता उघडू देणार नाही. कायद्याची तत्त्वं मधल्या काळात बदलली नव्हती. नियमभंगांचा ढीग साचला होता आणि रहिवाशांच्या आरोग्याचा मुद्दा पुराव्यानिशी पुढे आला होता.

कोर्ट कुणाचं ऐकतं, याचं माझं उत्तर यातच आहे. ज्याचं म्हणणं कागदावर, पुराव्यासकट आणि मुदतीत पोहोचतं, त्याचं वजन पडतं. गरीब माणसाचं म्हणणं खरं असूनही बऱ्याचदा तिथवर पोहोचत नाही, आणि ते पोहोचवणारी माणसं आपल्या भागात फार थोडी आहेत. म्हणून तुमच्या मुलीच्या हट्टाचा मला मनापासून आनंद झाला.

पोहोचवायचं म्हणजे काय, ते विहिरीवरूनच सांगतो. गावकरी बाटलीत पाणी भरून आणतात आणि फोटो काढतात. तक्रारीला जोर यायला तेवढं पुरतं. पण 1974 च्या जलप्रदूषण कायद्यानं कारखान्याच्या सांडपाण्याचा नमुना कसा घ्यायचा ते ठरवून दिलंय. प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या अधिकाऱ्यानं कारखान्याला नोटीस द्यायची, त्यांच्या माणसासमोर नमुन्याचे दोन भाग करायचे, दोन्ही डबे सील करायचे, त्यावर दोघांच्या सह्या घ्यायच्या आणि लगेच प्रयोगशाळेत पाठवायचे. यातली एक पायरी चुकली, तर कारखान्याचा वकील नेमकं तिथंच बोट ठेवतो. मुदतीचंही तसंच आहे. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणात, म्हणजे एनजीटीत, पर्यावरणाचा वाद नेण्याला सहा महिने असतात, वर फार तर साठ दिवस. नुकसानभरपाईसाठी पाच वर्षं मिळतात. पुण्याचं पीठ आपल्याला जवळ, पण कर्नाटकाची प्रकरणं चेन्नईच्या पीठाकडे जातात. गाव वर्षभर निवेदनं देत बसतं आणि सहा महिने कधीच उलटून गेलेले असतात. हे ऐकलं की जीव तुटतो.

आता मिस्टरांची बाजू. एनजीटी कायद्याच्या कलम 20 मध्ये शाश्वत विकास, आधीच खबरदारी आणि प्रदूषण करणाऱ्यानं भरपाई देणं ही तीन तत्त्वं आहेत. पगाराचा हिशेब त्यात आपोआप येत नाही. तो कामगारांनी, म्हणजे युनियननं, स्वतः जाऊन मांडावा लागतो. कंपनी गुंडाळण्याच्या अर्जावरही कामगारांना म्हणणं मांडायचा हक्क आहे, असं सर्वोच्च न्यायालयानं 1982 मध्येच सांगितलंय. दिरांची मागणी बंदीपेक्षा शुद्धीकरणाची असेल आणि कामगारांनीही तीच उचलून धरली, तर ‘कारखाना बंद पडला तर कामगार मरतील’ हे मालकाचं ठेवणीतलं वाक्य उरतच नाही. जेवताना हे मिस्टरांच्या कानावर घाला.

तुम्ही लिहिलंय की तुमच्या आईनं निपाणीत बिड्या वळल्या. मुलीला आजीजवळ बसवून विचारायला सांगा, की बिड्या मोजून घेताना कारखान्याचा माणूस काय करायचा. जुडी हातात घ्यायची, वळण सैल वाटलं की बिडी बाजूला टाकायची आणि बाजूला पडलेल्या बिडीची मजुरी नाही. मालक म्हणत, या बायका घरी बसून काम करतात, त्या आमच्या कामगार नव्हेत. 1985 साली सर्वोच्च न्यायालयानं याच छाटणीवर बोट ठेवलं. माल नाकारायचा अधिकार हातात आहे म्हणजे नियंत्रण आहे, आणि नियंत्रण आहे म्हणजे त्या कामगार आहेत, त्यांना भविष्यनिर्वाह निधी द्यावाच लागेल. रोज डोळ्यांसमोर घडणाऱ्या गोष्टीतून कुणीतरी कायद्याचा मुद्दा काढला, म्हणून घराघरातल्या बायकांना पीएफ लागू झाला. तुमच्या मुलीला करायचंय ते काम नेमकं असं आहे.

शिक्षणाचं म्हणाल, तर मिस्टरांचं अर्धं ऐका. बारावीनंतर पाच वर्षांचा बीए एलएलबी आहे, पण तिला विज्ञान आवडत असेल तर मी आधी बीएस्सी केमिस्ट्री आणि मग तीन वर्षांचं एलएलबी सुचवीन. एक वर्ष जास्त जाईल. मात्र पाण्याचा बीओडी (म्हणजे त्यातली घाण कुजताना किती ऑक्सिजन खाते याचं माप) किती आणि मर्यादा किती, हे ज्या वकिलाला स्वतःला कळतं तो मंडळाच्या अहवालाची उलटतपासणी करू शकतो, आणि असे वकील कमी आहेत. मध्येच पैशाची अडचण आली तर बीएस्सीवर कारखान्याच्या किंवा मंडळाच्या प्रयोगशाळेत काम बघता येतं. बेळगावात राजा लखमगौडा लॉ कॉलेज आहे, बी. व्ही. बेल्लद कॉलेज आहे, दोन्ही हुबळीच्या राज्य विधी विद्यापीठाशी जोडलेली. बाहेर पाठवायची घाई नको.

भाषेचं मात्र आजपासून मनावर घ्या. आपली मुलं मराठी शाळेतून येतात आणि कन्नड टाळतात. सीमाभागाचा वाद त्याच्या जागी राहू द्या. जिल्हा न्यायालयात कन्नड, धारवाडच्या उच्च न्यायालय पीठात इंग्रजी, आणि साक्षीला उभा राहणारा शेतकरी मराठी. या तिन्ही भाषा ज्या वकिलाला येतात त्याच्याकडे पक्षकार आपणहून येतात. सातबाऱ्याच्या जागी इथे आरटीसी असते आणि ती कन्नडमध्ये असते. जी मुलगी ती वाचू शकत नाही, तिला विहिरीचा खटला चालवता येणार नाही.

पोट भरतं का? सुरुवातीची काही वर्षं फक्त पर्यावरणाच्या कामावर भरत नाही, हे स्पष्ट सांगतो. सीनियरकडे दिवाणी, जमिनीची, मोटार अपघाताची कामं करावी लागतात. त्यासोबत कामगारांची कामं घ्यावीत: अपघाताची भरपाई, थकलेला पगार, ग्रॅच्युइटी. बेळगावच्या उद्यमबागेतल्या फाउंड्रीत वाळूच्या धुळीनं छाती गेलेल्या माणसाला सिलिकोसिसची भरपाई मिळवून देणारा वकील उपाशी राहत नाही आणि त्याला मानही मिळतो.

न्यायालयाचं कामकाज खुलं असतं. परीक्षा झाली की तिला दोन-चार दिवस चिकोडीच्या कोर्टात मागच्या बाकावर बसू द्या, आणि एखाद्या दिवशी मिस्टरांनाही सोबत जायला सांगा. त्यानंतरही तिचं मन कायम असेल तर बीएस्सीचा फॉर्म भरा, आणि कन्नडची शिकवणी त्याच आठवड्यात लावा.