जगभरातले सिनेमे आणि कॉकटेल यांच्या जोड्या कशा लावायच्या?

तुम्ही लिहिलंय की तुम्ही चार मित्र महिन्यातून एकदा कुणाच्यातरी घरी जमून वेगवेगळ्या देशांचे सिनेमे बघता, आता सोबत कॉकटेलही करायचीत आणि चौघांपैकी एक जण पीत नाही. आमच्या घरी हा उद्योग पाच-सहा वर्षं चालू आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

सगळ्यात आधी, देश बघून जोडी लावू नका. मेक्सिकोचा सिनेमा म्हणून मार्गारिटा, रशियाचा म्हणून व्होडका, असं आम्हीही सुरुवातीला केलं आणि दोन-तीन महिन्यांत कंटाळलो, कारण ग्लासातल्या ड्रिंकचा पडद्यावरच्या गोष्टीशी काही संबंधच नसायचा. सिनेमात कोण पितंय, कधी पितंय, का पितंय ते बघा आणि आपला ग्लास त्याच वेळेला भरा. एवढं केलं की निम्मं काम झालं.

'कासाब्लांका' (1942) घ्या, गोष्ट दुसऱ्या महायुद्धातली. बारचा मालक रिक, त्याने झिडकारलेली इव्हॉन नावाची फ्रेंच मुलगी एका जर्मन अधिकाऱ्याबरोबर बारमध्ये येते आणि मागवते काय तर फ्रेंच 75. हे नाव आलंय फ्रान्सच्या 75 मिलिमीटरच्या तोफेवरून, म्हणजे पहिल्या महायुद्धात जी जर्मनांवर धडाडली तीच तोफ! जर्मनाला खेटून उभी राहून ती हे नाव घेते आणि थोड्याच वेळात त्याच बारमध्ये सगळे मिळून फ्रान्सचं राष्ट्रगीत म्हणतात तेव्हा हीच इव्हॉन रडत रडत गात असते. त्यात ती भूमिका करणारी मादलेन लबो स्वतःच 1940 मध्ये फ्रान्समधून पळून आलेली, त्या सीनमधले बाकीचेही बरेच जण युरोपातून जीव वाचवून आलेले, त्यामुळे ते डोळ्यांतलं पाणी बघताना मला दरवेळी भरून येतं. हा सीन अर्धा सिनेमा उलटल्यावर येतो, तेव्हा आपल्या सवयीप्रमाणे सरळ मध्यंतर घ्या आणि तेव्हाच ड्रिंक बनवा. जिन 30 मिली, लिंबाचा रस 15, साखरेचा पाक 15, बर्फ घालून जोरात हलवायचं, गाळायचं आणि वरून थंडगार स्पार्कलिंग वाइन. फ्रेंच शॅम्पेनच हवी असं काही नाही, नाशिकची ब्रूट, म्हणजे गोड नसलेली स्पार्कलिंग वाइन, छान लागते.

'सम लाइक इट हॉट' (1959) असेल तर व्हिस्की आणि व्हर्मूथचं मॅनहॅटन, दुसरा विचारच करू नका, ट्रेनच्या बर्थवर चोरून गरम पाण्याच्या पिशवीत बनवतात ते.

डेन्मार्कचा 'अनदर राउंड' (2020) मात्र जपून. चार शिक्षक ठरवून रक्तात 0.05 टक्के अल्कोहोल ठेवून शिकवायला जातात, सुरुवातीला सगळं मस्त चालतं, मग एका रात्री घरी सॅझरॅक बनवतात, नाचतात आणि तिथून प्रकरण हाताबाहेर जायला लागतं. तो सीन बघून सॅझरॅक प्यावासा वाटणारच. राय व्हिस्की (राय नावाच्या धान्याची), साखर, बिटर्स (कडवट अर्काचे थेंब) आणि आधी ग्लास ॲबसिंथने, म्हणजे बडीशेपेच्या वासाच्या कडक दारूने, विसळून घ्यायचा. ॲबसिंथ महाग पडते, तर बडीशेप रात्रभर व्होडकात भिजत घालून त्याने ग्लास विसळा, वासाचं काम होतं. पण प्रत्येकी एकच आणि तोही छोटा. हे कडक ड्रिंक आहे, दुसऱ्या ग्लासानंतर सबटायटल वाचायचं लक्ष उडतं आणि या सिनेमाचा शेवट तर पूर्ण शुद्धीत बघायलाच हवा.

आता माझी सगळ्यात आवडती जोडी. जपानी दिग्दर्शक ओझूचा शेवटचा सिनेमा, 'ॲन ऑटम आफ्टरनून' (1962), सोबत व्हिस्की हायबॉल. बायको गेलेला बाप, लग्नाला आलेली मुलगी, तिचं लग्न करून द्यायचं आणि आपण एकटं राहायचं, एवढीच गोष्ट. बाप अधूनमधून एका छोट्या बारमध्ये जातो कारण तिथली बाई त्याला थोडीशी बायकोसारखी दिसते, आणि मुलीच्या लग्नाच्या रात्री तो त्याच कपड्यांत तिथे जातो तेव्हा ती विचारते, कुणाच्या अंत्यविधीहून आलात का? तो म्हणतो, हो, तसंच काहीसं. ताईची पाठवणी झाल्यावर महिन्याभराने मी हा सिनेमा बाबांबरोबर बघितला, बाबा एरवी सिनेमाभर बोलत असतात, त्या रात्री हातात ग्लास धरून नुसते बसून होते. हायबॉल का, तर हा सिनेमा जवळपास दोन तासांचा आणि संथ आहे, छोटं कडक ड्रिंक पंधरा मिनिटांत संपून जाईल. उंच ग्लास, काठोकाठ बर्फ, एक भाग व्हिस्की, चार भाग एकदम थंड सोडा, एकदाच हलकं ढवळायचं. शेवटाकडे बर्फ विरघळून ते पाणचट होतं, तेही त्या सिनेमाला शोभतं.

आणि यादीत एक आपल्या जवळचा सिनेमाही ठेवा, कोकणी 'नाचूंया कुंपासार' (2014). गोव्याचे संगीतकार, मुंबईतले जॅझचे दिवस, संगीतकार क्रिस पेरी आणि गायिका लोर्ना यांची गाणी. तो एप्रिल-मेमध्येच लावा कारण तेव्हा उर्राक मिळते, काजूच्या बोंडांची पहिल्या धारेची, फेणीपेक्षा बरीच सौम्य, आणि ती पुढच्या हंगामापर्यंत टिकत नाही. लिम्का, लिंबू, मीठ, मधून चिरलेली हिरवी मिरची. गोव्यातून कुणी येणार असेल तर आधीच सांगून ठेवा. न पिणाऱ्या मित्राला उर्राक सोडून बाकी सगळं तसंच द्या, मिरचीसकट, आणि हा सिनेमा कधी गोव्यातच बघायचा योग आला तर त्याच्यासाठी बोंडांचा ताजा नीरो, म्हणजे रस, शोधा, पण तो सकाळीच आणि लगेच प्यायचा, संध्याकाळपर्यंत ठेवला की आंबायला लागतो.