टोकियोची नोकरी, पुण्याचं कर्ज आणि घसरलेला येन

नमस्कार,

तुमचे प्रश्न थोडक्यात पुन्हा मांडतो, म्हणजे उत्तर कशाला आहे ते कळेल. टोकियोतून वर्षाला 70 लाख येनची ऑफर आहे. वाकडच्या फ्लॅटचा महिना 35,000 रुपये हप्ता चालू आहे, शिवाय दोन एसआयपी. येन इतका पडलेला असताना यावं का, बचत कुठल्या चलनात ठेवावी, आणि जपानमधलं स्वस्त कर्ज काढून ते पैसे भारतात एफडीत टाकावेत का? मी 2006पासून इथे आहे. त्यामुळे येनचे दोन्ही रंग पाहिलेत.

आधी पगार. 70 लाखाला आजच्या दराने गुणून रुपयांचा आकडा काढलात, तिथेच गल्लत आहे. आयकर, आरोग्य विमा आणि पेन्शन धरून साधारण पाचवा हिस्सा कापला जातो. नगरपालिकेचा रहिवासी कर आदल्या वर्षीच्या कमाईवर लागतो, म्हणून पहिल्या वर्षी तो नसतोच. दुसऱ्या वर्षीच्या जूनपासून करपात्र उत्पन्नाच्या सुमारे 10 टक्के सुरू होतो, आणि पहिल्या वर्षीचा हातातला पगार बघून मोठं घर घेतलेल्यांची तेव्हा तारांबळ उडते. भाड्याचं घर घेताना अनामत, घरमालकाची 'भेट', हमी कंपनीची फी आणि दलाली मिळून चार-पाच महिन्यांचं भाडं एकरकमी द्यावं लागतं, हेही धरा.

आता दर. 2020 साली 100 येनचे साधारण 70 रुपये यायचे. जुलै 2024मध्ये डॉलरला 161 येन झाले तेव्हा 52च. म्हणजे तुमचा 35,000चा हप्ता 2020मध्ये 50,000 येनला पडला असता, चार वर्षांनी 67,000ला. हप्ता तोच, पगार जवळपास तोच. येनमध्ये कमावून रुपयातलं कर्ज फेडणाऱ्याला ही घसरण अशी टोचते. 2025च्या अखेरीस 100 येनचे 57-58 रुपये येऊ लागले, तेव्हा येन सुधारला म्हणून इथले बरेच जण खूश झाले. प्रत्यक्षात येन डॉलरपुढे फारसा हललाच नव्हता, रुपया 90च्या पलीकडे घसरला होता. दोन दुबळ्या चलनांत कोण कमी दुबळं, एवढाच तो फरक.

म्हणून 'येन सुधारेपर्यंत थांबू का' याला माझं उत्तर नाही असं आहे. जपानच्या मध्यवर्ती बँकेने मार्च 2024मध्ये उणे व्याजदर संपवले, जानेवारी 2025मध्ये दर 0.5 टक्के आणि डिसेंबर 2025मध्ये 0.75 टक्के केला. तीस वर्षांतला हा सर्वांत वरचा दर, तरी येन उठला नाही. भलेभले इथे तोंडघशी पडलेत, तुम्ही-आम्ही कुठे अंदाज बांधायचा?

महागाईचा भाग मात्र नीट समजून घ्या, कारण जपानबद्दल भारतात अजून जुनी समजूत आहे. इथे वर्षानुवर्षं किमती हलत नव्हत्या, त्यामुळे पैसे बँकेत पडून राहिले तरी बिघडत नसे. मार्च 2024पर्यंत मोठ्या बँकांत बचत खात्यावर 0.001 टक्का व्याज होतं, म्हणजे 10 लाख येनवर वर्षाला 10 येन. लोक त्यावर हसायचे आणि पैसे तिथेच ठेवायचे. 2022पासून ते गणित मोडलं. इंधन आणि बरंचसं अन्न बाहेरून येतं, येन पडला की ते महागतं. तांदूळ तर देशातच पिकतो, पण तुटवड्यामुळे तोही महागला: 5 किलो तांदूळ 2024च्या वसंतात 2,000 येनच्या आसपास होता, मे 2025मध्ये 4,200च्या वर गेला. गंमत म्हणजे ऑक्टोबर 2025मध्ये जपानची महागाई 3 टक्के होती आणि भारताची 1 टक्क्याहूनही कमी! असं काही बघायला मिळेल असं मला कधी वाटलं नव्हतं. भारतातला तो आकडा तसाच टिकेल असं धरू नका, पण येन खात्यात ठेवला की तो सुरक्षित, हे आता विसरा.

आता स्वस्त कर्जाचं. इथे 2 टक्क्यांनी काढायचं, तिकडे एनआरई ठेवीत (अनिवासी भारतीयांची परदेशी कमाईची ठेव) सहा-साडेसहा टक्क्यांना टाकायचं, मधला फरक खिशात. हा बेत दर काही वर्षांनी निशिकासाईच्या, म्हणजे टोकियोतल्या भारतीय वस्तीच्या, कट्ट्यावर कोणीतरी नव्याने शोधून काढतो. 2007च्या मध्यावर 100 येनचे 33 रुपये होते. कोणी 30 लाख येन काढून भारतात पाठवले असते तर 10 लाख रुपये झाले असते. दीड वर्षात 9 टक्क्यांनी फार तर सव्वाअकरा लाख. पण जानेवारी 2009मध्ये जगभर घबराट होती, येनकडे सगळे धावले आणि 100 येनला 54 रुपये पडू लागले. तेच 30 लाख येन फेडायला 16 लाख रुपये लागले असते. ऑगस्ट 2024मध्येही व्याजदर जरासा वाढताच अशा उधारीचे व्यवहार जगभर एकदम उलटले आणि 5 तारखेला निक्केई हा जपानचा शेअर निर्देशांक एका दिवसात 12 टक्क्यांहून जास्त कोसळला. व्याजातला फरक थेंबाथेंबाने मिळतो आणि एका आठवड्यात वाहून जातो. हे करू नका, एवढंच सांगेन.

मग पैसे कुठे? माझी कसोटी एकच: ते पैसे कुठल्या देशात खर्च होणार? पाच वर्षांनी परत जायचं पक्कं असेल तर पुण्याचं कर्ज आधी उतरवा. कर्जावर जे व्याज वाचतं ते नक्की वाचतं, त्याला चलनाचा धोका नाही. पाठवणी दर महिन्याला ठरावीक ठेवा, 'चांगल्या दराची' वाट बघत बसू नका. एसआयपी चालू ठेवा, पण केवायसी अनिवासी म्हणून बदलून घ्या. सहा महिन्यांचा खर्च मात्र येनमध्येच हवा, कारण नोकरी गेली तर भाडं येनमध्येच भरायचं आहे.

इथे राहायचा विचार असेल तर चित्र बदलतं. जानेवारी 2024पासून नव्या निसा या सरकारी करसवलतीच्या गुंतवणूक खात्यात वर्षाला 36 लाख आणि आयुष्यभरात 1 कोटी 80 लाख येन गुंतवता येतात, नफ्यावर कर नाही. एरवी 20.315 टक्के जातो. त्यातून जगभरच्या शेअरांचा स्वस्त इंडेक्स फंड घेतला की येन पडला तरी फंडाची येनमधली किंमत वर जाते, म्हणजे चलनाचीच ढाल होते. येन वधारला की उलटंही होतं, ते सोसायची तयारी हवी. देश सोडताना हे खाते सहसा चालू ठेवता येत नाही, म्हणून निघण्याआधी विकायचं नियोजन करा. कॉफी पाजून डॉलरमधली विमा योजना विकणारे भेटतील. कॉफी प्या, सही करू नका.

आणखी एक बारकावा, जो फार जणांना उशिरा कळतो. पहिली पाच वर्षं भारतातल्या उत्पन्नावर जपान सहसा कर लावत नाही, पण भारतातून पैसे इथे मागवलेत तर त्या वर्षीचं ते उत्पन्न तितक्या प्रमाणात करपात्र ठरू शकतं. पाच वर्षांनंतर जगभरचं उत्पन्न मोजलं जातं. एनआरई ठेवीचं व्याज भारतात करमुक्त असलं तरी इथे दाखवावं लागतं. सहा टक्क्यांतून तो कर वजा करून मगच तुलना करा.

पेन्शनचं लांबण लावत नाही. तुम्ही थेट जपानी कंपनीचे नोकर आहात की भारतातल्या कंपनीने पाठवलेले, हे आधी विचारा. भारत-जपान सामाजिक सुरक्षा करार 1 ऑक्टोबर 2016पासून लागू आहे. पाठवलेल्या माणसाला प्रमाणपत्र घेऊन पाच वर्षांपर्यंत पीएफमध्येच राहता येतं. थेट नोकरी असेल तर परतताना एकरकमी परतावा मागता येतो, पण तो घेतला की ती वर्षं कराराच्या हिशोबातून जातात.

विमानात बसण्याआधी बँकेत जाऊन साधं बचत खातं एनआरओमध्ये (भारतातल्या उत्पन्नासाठीचं अनिवासी खातं) बदलायचा अर्ज द्या आणि एनआरई खात्याचा अर्जही त्याच फेरीत द्या. इथून कुरियरने कागद पाठवत बसणं फार वैतागाचं आहे.