लॅपटॉपचा प्रोसेसर ओव्हरक्लॉक केला (ठरलेल्यापेक्षा जास्त वेगाने चालवला) तर गेम चांगले चालतील का? आणि सुरक्षितपणे करायचं कसं?

आधी मॉडेल नंबर बघा. इंटेलचा प्रोसेसर असेल आणि नावाच्या शेवटी 'यू', 'पी' किंवा नुसता 'एच' असेल, तर त्याचा मल्टिप्लायर (वेग ठरवणारा गुणक) कंपनीनेच लॉक केलेला असतो. ओव्हरक्लॉकिंगचा विषय तिथेच संपला. 'एचके' आणि बरेचसे 'एचएक्स' मात्र उघडे असतात.

पण समजा तुमचा उघडा आहे. तरी माझा सल्ला तोच राहील: क्लॉक (प्रोसेसरचा वेग) वाढवू नका, व्होल्टेज कमी करा. म्हणजे अंडरव्होल्टिंग.

कारण सांगतो. प्रोसेसर काम करताना जी वीज खातो, ती साधारणपणे व्होल्टेजचा वर्ग गुणिले क्लॉक या प्रमाणात वाढते. ४.० गिगाहर्ट्झचा ४.२ करायचा आणि त्यासाठी १.२० व्होल्टचे १.३० करावे लागले, असं धरू. वेग वाढला ५ टक्के, वीज आणि उष्णता वाढली जवळपास २३ टक्के. डेस्कटॉपमध्ये मोठा कूलर ती झेलतो. लॅपटॉपमध्ये बोटभर जाडीचे पंखे, शिवाय बऱ्याच गेमिंग लॅपटॉपमध्ये सीपीयू (म्हणजे हाच प्रोसेसर) आणि जीपीयू (ग्राफिक्सची चिप) एकाच हीटपाइपवर (उष्णता वाहून नेणाऱ्या नळीवर). इंटेलचे बहुतेक लॅपटॉप प्रोसेसर १०० अंश सेल्सिअसच्या आसपास पोचले की स्वतःच वेग पाडतात. त्यामुळे तुम्ही ४.२ ठरवता आणि दहा मिनिटांनी तो ३.४ वर येऊन बसतो.

आता उलट करा. क्लॉक तोच ठेवून १.२० चे १.१२ व्होल्ट केले, तर तेवढ्याच कामाला सुमारे १३ टक्के कमी वीज लागते. जो प्रोसेसर तापून खाली घसरत होता, तो वरच टिकून राहतो. गेममध्ये फरक पडतो तो याने.

हे करण्याआधी एक चाचणी करा, नाहीतर सगळी मेहनत पाण्यात. गेम चालू असताना जीपीयूचा वापर ९७-९९ टक्के दिसत असेल, तर अडथळा जीपीयूचा आहे. सीपीयूला कितीही गोंजारलंत तरी एफपीएस (सेकंदाला दिसणाऱ्या फ्रेम) वाढणार नाहीत. खात्री करायची तर रिझोल्यूशन एकदम खाली आणा. एफपीएस उडी मारून वाढले तर जीपीयू कमी पडत होता. तिथल्या तिथेच राहिले तर सीपीयू.

सीपीयूच अडत असेल तर एचडब्ल्यूइन्फो (सेन्सरचे आकडे दाखवणारं सॉफ्टवेअर) चालू ठेवून तासभर खेळा. तापमान, क्लॉक आणि पॉवर लिमिट (विजेची मर्यादा) लागलं का, हे तिन्ही त्यात दिसतं. तापमान सतत ९५ च्या वर असेल तर पहिला उपाय फुकटातला: पंख्यांतली धूळ काढा, मागची बाजू थोडी उचलून ठेवा. लॅपटॉप जुना असेल तर थर्मल पेस्ट (चिप आणि कूलरमधला उष्णता वाहणारा लेप) बदला. एवढ्यानेच अनेकांचं काम होतं.

मग अंडरव्होल्टिंग. इंटेलसाठी मी थ्रॉटलस्टॉप हे सॉफ्टवेअर वापरतो. त्यातल्या 'एफआयव्हीआर' खिडकीत सीपीयू कोअर आणि सीपीयू कॅश, दोन्हींना सारखाच ऑफसेट (व्होल्टेजमधली घट) द्यायचा. सुरुवात उणे ५० मिलिव्होल्टपासून. आणि हे विसरू नका: खालचा 'डू नॉट सेव्ह व्होल्टेजेस' हा पर्याय निवडा. मशीन अडकलंच तर रीस्टार्ट केल्यावर सगळं मूळ जागी येतं. सिनेबेंच ही चाचणी चालवा, गेम खेळा, ठीक वाटलं तर आणखी १० मिलिव्होल्ट खाली. निळी स्क्रीन आली की २० मिलिव्होल्ट मागे या आणि तिथेच थांबा. चार दिवस विनातक्रार गेले, मगच सेव्ह करा. एचडब्ल्यूइन्फोच्या यादीत अगदी तळाशी 'डब्ल्यूएचईए' (विंडोजने नोंदवलेल्या हार्डवेअरच्या) चुकांचा आकडा असतो. तो शून्यच हवा. क्रॅश होत नाही म्हणजे सगळं आलबेल, असं नसतं.

कदाचित तुम्हाला अंडरव्होल्टिंगचा पर्याय लॉक केलेला दिसेल. २०१९ च्या डिसेंबरमध्ये 'प्लंडरव्होल्ट' नावाची सुरक्षेतली त्रुटी जाहीर झाली, ज्यात व्होल्टेज खाली आणून प्रोसेसरकडून चुकीची गणितं करवून घेता येत होती. त्यानंतर बऱ्याच कंपन्यांनी बायॉस (लॅपटॉप सुरू करणारं मूळ सॉफ्टवेअर) अपडेटमधून हा दरवाजा बंद केला. तो उघडण्यासाठी इंटरनेटवरून कुठलाही जुना किंवा बदललेला बायॉस टाकत बसू नका. लॅपटॉप वीट होण्याची, म्हणजे सुरूच न होण्याची, खरी भीती तिथे आहे, ओव्हरक्लॉकिंगपेक्षा जास्त.

लॉक असेल तर दुसरी युक्ती: विंडोजच्या पॉवर ऑप्शन्समध्ये 'मॅक्झिमम प्रोसेसर स्टेट' ९९ टक्के करा. बहुतेक लॅपटॉपवर याने टर्बो (गरजेला आपोआप वाढणारा वेग) बंद होतो आणि तापमान झपकन खाली येतं. सीपीयूवर भार टाकणाऱ्या गेममध्ये नुकसान होईल, हे धरून चला. पण जीपीयूवर चालणाऱ्या गेममध्ये सामायिक हीटपाइपची जागा जीपीयूला मिळते आणि कधीकधी एफपीएस चक्क वाढतात.

हात शिवशिवतच असतील तर ओव्हरक्लॉक जीपीयूचं करा. आफ्टरबर्नर या सॉफ्टवेअरमध्ये कोअर क्लॉक +१०० मेगाहर्ट्झपासून. लॅपटॉपमध्ये जीपीयूचं व्होल्टेज आणि पॉवर लिमिट सहसा कंपनीने बांधलेलंच असतं, त्यामुळे स्क्रीनवर रंगीत ठिपके दिसणं किंवा ड्रायव्हर बंद पडणं, एवढ्यावर निभावतं. स्लायडर शून्यावर आणला की पूर्ववत.

आणि रॅमची एकच पट्टी लावलेली असेल तर हे सगळं नंतर. आधी दुसरी पट्टी घाला. ड्युअल चॅनेलचा (दोन पट्ट्या एकत्र चालण्याचा) फरक, त्यातही वेगळा जीपीयू नसून ग्राफिक्स सीपीयूमध्येच असेल तर, वरच्या सगळ्या खटाटोपापेक्षा मोठा निघू शकतो.