दोन वर्षं शेडमध्ये सुकलेल्या लाकडी होडीच्या फटी एपॉक्सीने (वाळून कडक होणाऱ्या रासायनिक गोंदाने) भरू का?

नाही, आधी फळ्या फुगू द्या. सुकलेलं लाकूड रुंदीत आकसतं, म्हणून फटी दिसतात. त्यात कडक एपॉक्सी भरली तर पाण्यात फुगणाऱ्या फळ्यांना जागाच उरत नाही; कडा चिरडतात, खिळे सैल होतात. आतून गोणपाट अंथरून आठ-दहा दिवस ओलं ठेवा, शक्यतो खाऱ्या पाण्याने, कारण गोड्या पाण्याने लाकूड लवकर कुजतं. तरीही उरलेल्या फटींत पूर्वी भरलेला, काळा पडलेला कापूस उकरा, वरचा ओलावा सुकू द्या, तेलात भिजवलेली कापसाची वात हलक्या हाताने ठोका आणि वर राळ-तेलाचा लेप द्या. जोरात ठोकलीत तर फळी उचकटते. मात्र फळीत स्क्रूड्रायव्हर सहज अर्धा सेंटिमीटर घुसला तर ती कुजली आहे, बदलाच.