इंडोनेशियनची शिक्षिका होऊ पाहणाऱ्या मुलीच्या आईस

सप्रेम नमस्कार,

मेलबर्नहून आलेल्या आपल्या पत्रात दोन शंका आहेत. शाळांतून इंडोनेशियन शिकणारे कमी होत असताना मुलीने त्या भाषेची शिक्षिका व्हावे का, आणि मराठी घरात वाढलेली मुलगी ती भाषा अधिकाराने शिकवू शकेल का?

पहिली शंका रास्त आहे. आशियाई भाषांसाठी ऑस्ट्रेलियाच्या केंद्र सरकारने दिलेला विशेष निधी २००२ साली थांबला, त्याच वर्षी इंडोनेशियातल्या बाली बेटावर बॉम्बस्फोट झाले आणि पुढे या भाषेचे वर्ग रोडावत गेले. म्हणून मास्टर ऑफ टीचिंग या शिक्षक होण्यासाठीच्या दोन वर्षांच्या अभ्यासक्रमाला प्रवेश घेताना तिने इतिहासासारखा दुसरा अध्यापन-विषय जरूर घ्यावा.

दुसऱ्या शंकेबाबत मात्र मी निःशंक आहे. माध्यमिक शाळेतली मुले व्याकरणाच्या तक्त्यांना लवकर कंटाळतात. भाषा जिथे बोलली जाते तिथले व्यवहार वर्गात आणले की त्यांचे तोंड उघडते. वारुंग, म्हणजे कोपऱ्यावरची छोटी खाणावळ, वर्गात मांडली की पैसे उजव्या हाताने द्यायचे आणि विक्रेतीला तिच्या वयाप्रमाणे 'बू' (काकू) किंवा 'म्बाक' (ताई) म्हणायचे, हे करता करताच अंगवळणी पडते. अनोळखी माणसालाही काका-मावशी म्हणत वाढलेल्या आपल्या मुलीला ही रीत समजावून सांगणे सोपे जाईल.

पांतुन तर तिने आवर्जून शिकवावे. या चार ओळींच्या पद्यात पहिल्या दोन ओळी एखादे दृश्य उभे करून यमक जुळवून ठेवतात आणि खरे म्हणणे पुढच्या दोन ओळींत येते. आपल्या उखाण्याची घडण काहीशी अशीच असते. एका गटाने पांतुन म्हणायचे आणि दुसऱ्याने पांतुनातच उत्तर द्यायचे, असा खेळ लावला की शब्दसंग्रह आणि उच्चार दोन्ही पक्के होतात.

ऑस्ट्रेलियन मुलांना ही भाषा जवळची वाटावी यासाठी तिथल्याच इतिहासाचा आधार घेता येतो. इंडोनेशियातल्या सुलावेसी बेटाचे मकासर दर्यावर्दी १९०७ पर्यंत उत्तर ऑस्ट्रेलियातल्या आर्नहेम लँडच्या किनाऱ्यावर समुद्रकाकडी हा सागरी जीव गोळा करायला येत, तिथल्या योलंगू या मूलनिवासी लोकांशी व्यापार करत, आणि त्यांच्यामुळे रुजलेली चिंचेची झाडे त्या किनाऱ्यावर अजून आहेत.

एक सावधगिरी मात्र मनापासून सुचवतो. बालीची मंदिरे आपल्याला ओळखीची वाटतात, म्हणून तिने तेवढाच इंडोनेशिया शिकवू नये. बहुसंख्य इंडोनेशियन मुस्लिम आहेत, आणि लेबारान म्हणजे ईदच्या दिवशी थोरामोठ्यांची क्षमा मागण्याची त्यांची प्रथा वर्गात यायलाच हवी.

हे सारे केवळ पुस्तकातून येत नाही. तेव्हा मास्टर्सआधी तिने एक सत्र जावा बेटावरच्या योग्यकार्ता शहरात काढावे. ऑस्ट्रेलियन विद्यापीठांच्या अकिसिस (ACICIS) या संघामार्फत तशी सोय होते. वसतिगृहापेक्षा स्थानिक कुटुंबात राहायला मिळाले तर अधिक उत्तम. अर्जाच्या मुदतीची चौकशी तिने आपल्या विद्यापीठात याच महिन्यात करावी.

आपला,
करिअर मार्गदर्शक